बंद पडला की बंद केला?

मी नागपूरच्या जरीपटक्यात राहतो आणि घरी बसून इतरांचे डेटाबेस सांभाळतो. बहुतेक कॅसांड्रा, थोडे कॉक्रोचडीबी. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी वसवलेली ही व्यापारी वस्ती. इथल्या ग्राहकाला क्लाउडचं बिल टोचतं, म्हणून काहींचे सर्व्हर अजूनही गोदामावरच्या खोलीत घरघरत असतात. फोन येतो तो एकाच वाक्याचा: "भाऊ, सर्व्हर बंद पडला." या वाक्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही.

१. आधी मशीन कधीपासून चालू आहे ते बघावं. महिनाभर जागी असेल तर सर्व्हर पडलेलाच नाही, फक्त डेटाबेसची प्रोसेस गेली आहे. मग तिचा एक्झिट कोड. १३७ असेल तर त्यातून १२८ वजा करा. उरले ९, म्हणजे कोणीतरी जबरदस्तीनं मारलं. १४३ असेल तर उरले १५, म्हणजे आवरून थांबायचा रीतसर निरोप आला होता. निरोप देणारा माणूस असेल, अपडेट असेल, यूपीएसही असेल. तपासाची दिशा इथेच ठरते, तरी बहुतेक जण ही पायरी गाळून थेट रीस्टार्टकडे धावतात.

२. मारला गेलेला काही लिहून ठेवत नाही. कॅसांड्राच्या लॉगमध्ये शेवटची ओळ अगदी निरोगी दिसते आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी कर्नलचा लॉग उघडावा. मेमरी संपली की लिनक्स सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसचा बळी देतो, आणि ती असते डेटाबेस. रात्री सुरू झालेल्या बॅकअपनं उरलीसुरली मेमरी खाल्लेली असते आणि तो मात्र सुखरूप वाचतो. कॅसांड्रा ज्यावर चालतो त्या जावाची स्वतःची मेमरी, म्हणजे हीप, संपणं हे वेगळं दुखणं; ते लॉगमध्ये नावानिशी सापडतं. दोन्हींची गल्लत करून हीप वाढवला, तर पहिलं दुखणं आणखी बळावतं.

३. नागपूरचा मे महिना हे स्वतंत्र कारण धरावं. बाहेर पारा ४५ च्या वर आणि खोलीत वरून पत्रे. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो. दुपारी क्वेरी रेंगाळतात, जावाचे गार्बेज कलेक्शनचे थांबे लांबतात. थांबा फार लांबला की शेजारचे नोड, म्हणजे त्याच डेटाबेसची इतर मशीन, या नोडला मेलेला समजतात, तो मात्र जिवंत असतो. आणखी तापला तर हार्डवेअर वीजच तोडतं, आणि तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमला एक अक्षरही लिहायची सवड मिळत नाही. पुरावा मदरबोर्डवरच्या बीएमसी नावाच्या चिपमध्ये असतो. तिची नोंदवही वेगळी, मशीन बंद असतानाही वाचता येते. सकाळी जाऊन बघितलं तर सगळं ठणठणीत, म्हणून नोंदींची वेळ जुळवून बघायची. नागपूरकराचा कूलरवर अतोनात विश्वास, पण सर्व्हरच्या खोलीत तो नको. वाळ्याचा गारवा माणसाला सुखाचा. यंत्राला त्यासोबत दमट हवा आणि धूळ मिळते. तिथे एसीच लागतो, आणि एक बंद पडेल हे धरून दोन.

४. तीन नोड एका यूपीएसवर असतील तर तो एकच नोड समजावा. माझ्या हाताखालच्या मुलाचा एकदा फोन आला. "दादा, एरर नाही, क्रॅश नाही, तिन्ही मशीन शहाण्यासारख्या बंद झाल्या."
"लाइन गेली होती काय?"
"वॉचमनकाका म्हणून राहिले, गेलीच नाही."
काका खरंच सांगत होते. यूपीएसनं स्वतःची चाचणी घेतली, थकलेली बॅटरी पाहून इशारा दिला आणि तिन्ही मशीननी तो आज्ञाधारकपणे ऐकला. तीन प्रतींपैकी दोन हजर असल्या की क्वोरम चालतो. हे गणित बिघाड वेगवेगळे होतील या भरवशावर उभं आहे.

५. घड्याळ तपासावं. कॉक्रोचडीबीत घड्याळांमधल्या फरकाची मुभा मुळात ५०० मिलिसेकंदांची. निम्म्या नोडांशी तिच्या ८० टक्क्यांहून जास्त फरक पडला की नोड स्वतःलाच बंद करतो. चुकीचा डेटा देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हा त्याचा हिशोब मला पटतो. उलट उदाहरण १ जुलै २०१२ चं. आपल्याकडे पहाटे साडेपाचला जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद वाढला, लिनक्समधल्या दोषानं जावाच्या प्रोसेस प्रोसेसर पिळू लागल्या आणि रेडिटसारखी संकेतस्थळं अडखळली.

६. डिस्क बिघडली की कॅसांड्रा मूळ सेटिंगप्रमाणे प्रोसेस चालू ठेवून बाकीच्यांशी बोलणं थांबवतो. प्रोसेसच्या यादीत जिवंत, नोडटूल या त्याच्याच साधनात डाउन. दोन्ही खरं.

७. देखभालीच्या दिवशी जास्त जपावं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, तेव्हा ऊर्जामंत्री आमच्या उत्तर नागपूरचे आमदार नितीन राऊत होते. त्यांनी त्या दिवशी सांगितलेलं कारण मी नव्या मुलांना ऐकवतो: कळवा-पडघ्याचं एक सर्किट देखभालीसाठी बंद, भार दुसऱ्यावर, आणि तिथेच बिघाड. अपग्रेडसाठी एक नोड काढताना उरलेले दोन किती तापलेत हे आधी बघायचं ते यासाठी.

८. पुन्हा सुरू करण्याआधी नोड किती वेळ बंद होता ते मोजावं. कॅसांड्राचे शेजारी चुकलेलं लेखन मूळ सेटिंगनुसार ३ तासच राखून ठेवतात. त्यापुढे रीपेअर चालवावाच लागतो. १० दिवस उलटले तर तो नोड तसाच आत घेऊ नये, कारण बाकीच्यांनी पुसलेल्या नोंदींच्या खुणाही तोवर नाहीशा होऊ लागतात आणि पुसलेलं बिल परत उगवतं. ग्राहक म्हणतो, "चालू कर ना भाऊ, दुकान उघडायचं आहे." त्याला गिटहबचं सांगावं. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांचं नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. डेटा जुळवून सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली, आणि घाई करायची नाही हे त्यांनी जाणूनबुजून ठरवलं होतं. तेवढ्यानं ऐकलं नाही, तर उरलेल्या दोन नोडांवर दुकान चालू द्यावं आणि तिसरा रिकामा करून नव्यानं जोडावा.