आरसा आवळू नकोस

चि. सोनू हिस,


आरशावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा चढून आला, हे वाचून आनंद झाला. आठ इंच व्यास, पंचवीस मिलिमीटर जाडी. चार महिने घासलास, आणि आता तो दुर्बिणीत बसवायची बैठक मात्र एका रविवारात उरकणार म्हणतेस! तेवढं करू नकोस.

माझ्या पहिल्या दुर्बिणीची गोष्ट सांगतो. गाडीत हादरे बसून आरसा हलू नये म्हणून मी तिन्ही क्लिपा पान्याने करकचून आवळल्या. रात्री पाहतो तर प्रत्येक तारा तिकोनी! मी काचेलाच दोष दिला, पुन्हा घासायलाही निघालो होतो. क्लिपा सैल केल्या आणि तारे गोल झाले.

अगं, आरशाचा पृष्ठभाग सुमारे ७० नॅनोमीटरच्या आत बरोबर लागतो, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. काच तेवढी तर बोटाच्या दाबानेही वाकते. क्लिप ही आरसा पालथा पडू नये म्हणून असते, धरायला नव्हे. क्लिप आणि काच यांत पोस्टकार्डाएवढी फट ठेव.

तुझ्या आरशाला पाठीमागून तीन टेकू पुरेत. ते कडेला नकोत, मध्यापासून सुमारे चार सेंटिमीटरवर ठेव. जुन्या पुस्तकांत ते बरेच बाहेर दाखवलेले असतात, तिकडे लक्ष देऊ नकोस. मोठ्या किंवा पातळ आरशाला नऊ, अठरा टेकू लागतात. तराजूवर तराजू ठेवावेत तशा तरफा करून भार वाटतात. आयर्लंडमध्ये बर कॅसलला लॉर्ड रॉस यांनी १८४५ साली ७२ इंची आरशाची दुर्बीण उभी केली, त्या तीन टनी धातूच्या आरशाखाली थॉमस ग्रब यांच्या कल्पनेतल्या अशाच तरफा होत्या. तुझा आरसा जेमतेम दोन किलोचा, एवढा खटाटोप नको.

कडेला खालून दोन टेकू दे, एकमेकांपासून नव्वद अंशांवर. नळी कलली की आरसा त्यांवर अलगद बसतो. आरसा जुळवायच्या मागच्या तीन बोल्टांच्या स्प्रिंगा जाड घे. लेचीपेची स्प्रिंग असली की नळी खाली-वर केल्याबरोबर जुळणी बिघडते. सिलिकॉनने चिकटवायचा मोह होईल. या खेपेला नको, कारण मग आरसा फिरवता येत नाही, आणि तुला तो फिरवायचाच आहे.

बैठकीच्या प्लायवूडला मध्ये मोठं भोक पाड, मागून वारा लागला की काच लवकर थंड होते. आणि तुमच्याकडचा पावसाळा लक्षात घेऊन प्लायवूडच्या कडांनाही वॉर्निश दे.

पहिल्या निरभ्र रात्री एक तारा किंचित धूसर करून बघ. लांबट दिसला तर आधी मान कलती कर. डाग मानेबरोबर फिरला तर दोष तुझ्या डोळ्याचा. नसेल तर आरसा बैठकीतच पाव फेरा फिरव, कडेला पेन्सिलीची खूण करून. डाग आरशाबरोबर फिरला तर काच पुन्हा घासावी लागेल. जागीच राहिला तर आधी बैठक तपास. काय दिसलं ते मला लगेच कळव.

तुझा,
मामा