आग्वादचे दीपगृह: छायाचित्र घेण्यापूर्वी व घेतल्यावर

दीपगृह म्हटले की डिचोलीकडच्या मुलांना वाटते, हा किनाऱ्यावरच्यांचा विषय. तसे मुळीच नाही. खाणी जोरात चालत तेव्हा सारमानसच्या धक्क्यावरून खनिज भरलेल्या बार्जी मांडवीतून मुरगाव बंदराकडे जात, आणि नदीच्या मुखाशी उजव्या हाताला आग्वादचे टोक दिसे. पावसाळ्यात मुखाशी बार्जींची वाट बंद होई. मग त्या कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत शिरत. घरातील कोणी बार्जीवर असेल, तर विद्यार्थ्यांनी आधी त्यांनाच विचारावे.

आग्वादला दीपगृहे दोन आहेत. किल्ला 1612 मधला. त्याच्या आवारातला बुटका, गोल, चार मजली मनोरा जुना. 1976 पासून काम नव्या दीपगृहाकडे गेले. जुन्या मनोऱ्याचे साल बहुतेक ठिकाणी 1864 दिलेले आढळते. आता एक जोडमाहिती पाहा. जुने गोवे येथील सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली मोठी घंटा 1841 ते 1871 आग्वादच्या दीपगृहात होती. पुढे ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये गेली आणि आजही तिथे आहे. घंटा 1841 ला आली आणि मनोरा 1864 चा, तर मधली तेवीस वर्षे ती कुठल्या दीपगृहात होती? आमच्या मते 1864 पूर्वीही त्या जागी दिवा असला पाहिजे. इतिहासाच्या वहीत एकच साल पाठ करून ठेवणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे.

छायाचित्राचा उपयोग अशा ठिकाणी होतो. केवळ आपण समोर उभे राहून काढलेले चित्र अल्बमला बरे, अभ्यासाला नव्हे. (तेही काढावे, हौसेला मोल नाही!) मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर केला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि मनोरा मागे कलल्यासारखा दिसतो. म्हणून दूर जावे, कॅमेरा सरळ धरावा. दरवाजाशेजारी मीटरपट्टी किंवा एक मित्र उभा करावा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. सकाळचे तिरके ऊन पूर्वेकडच्या अंगावर पडते तेव्हा गिलाव्याच्या भेगा, डागडुजीच्या जागा उठून दिसतात. भर दुपारी सगळे सपाट. प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ, आणि कुठून कोणत्या दिशेला पाहून घेतले ते लिहावे.

हे आताच करण्याचे कारण आहे. खारा वारा आणि आपला पावसाळा चुन्याला सोडत नाही, आणि नवा रंग चढला की जुन्या खुणा झाकल्या जातात. 2021 च्या कायद्याने 1927 चा दीपगृह कायदा रद्द झाला आणि वारसा दीपगृहे घोषित करण्याची तरतूद आली. पण मनोरा कालपरवा कसा होता हे दाखवायला कोणाकडे तरी चित्रे हवीत. व्यवस्थापन मंडळाने शाळेत एक कपाट द्यावे आणि दरवर्षी डिसेंबरात, त्याच जागेवरून, तीच चित्रे घ्यावीत अशी आमची विनंती आहे.

किल्ला सायंकाळी बंद होतो, त्यामुळे नव्या दिव्याचे चित्र किनाऱ्यावरूनच, पालकांसोबत घ्यावे. प्रत्येक दीपगृहाचा लखलखाट ठरावीक अंतराने होतो. खलाशी त्यावरूनच ते ओळखतात. घड्याळ घेऊन मोजावे. दिवा किती दूर दिसेल याचे गणितही सोपे आहे: समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून 3.57 ने गुणावे, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर ते कळते. समजा दिवा 81 मीटरवर आहे: 9 गुणिले 3.57, म्हणजे सुमारे 32. पेडण्याचे केरी आग्वादपासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरांच्या आसपास आहे.

तेव्हा इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांनी केरीच्या वाळूवरून दक्षिणेकडे पाहून चित्र घ्यावे. दिवा दिसला नाही, तर मध्ये कोणता डोंगर आडवा येतो ते नकाशावर पट्टी ठेवून शोधावे आणि चित्रासोबत लिहून आणावे.