कार्यालयाचे ई-टपाल आणि मोबाईलवरील जोडणी

ग्रामपंचायतीच्या टेबलावर आवक-जावक नोंदवही आजही असते. परंतु तिच्यात ज्यांची नोंद व्हावयाची ते कागद आता पुष्कळदा सचिवाच्या किंवा सरपंचाच्या मोबाईलवर येतात. पंचायत समितीचे परिपत्रक, बैठकीची सूचना, शाळेकडून मागविलेली माहिती, यांतील बराच भाग ई-टपालाने पोचतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला वैधानिक मान्यता मिळालेली आहे. तेव्हा असे टपाल हे कार्यालयाचे दप्तरच होय. मोबाईलवर त्याची जोडणी करताना हे दप्तर कोणाच्या ताब्यात राहणार हे ठरत असते, आणि पुष्कळ ठिकाणी ते नकळत ठरते.

या जोडणीचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे मोबाईलपासून इंटरनेटपर्यंतचा मार्ग आणि दुसरा म्हणजे प्रत्यक्ष टपालपेटी. टपाल येत नाही अशी तक्रार असेल तर दोष कोणत्या भागात आहे ते प्रथम पाहावे. त्यासाठी एखादे संकेतस्थळ उघडून पाहणे पुरेसे असते. ते उघडले, तर मार्ग ठीक आहे आणि खात्याची मांडणी तपासली पाहिजे. ते उघडत नसेल, तर पासवर्ड पुन्हापुन्हा भरण्यात वेळ घालवू नये.

मार्गाचा दोष

बोलणे होते म्हणजे इंटरनेटही असलेच पाहिजे, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. संभाषण चालू असतानाही मोबाईल डेटा बंद ठेवलेला असू शकतो, अथवा त्याची मुदत संपलेली असू शकते. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाण्याचे जे दार असते, त्याचे नाव मोबाईलच्या सेटिंगमध्ये नोंदलेले असावे लागते. या नोंदीला ‘ॲक्सेस पॉइंट नेम’ अथवा थोडक्यात एपीएन म्हणतात. नवे सिम घातल्यावर ती बहुधा आपोआप होते. परंतु कंपनी बदलल्यावर जुन्या संचात क्वचित पूर्वीचीच नोंद राहून जाते. जिओसाठी हे नाव ‘जिओनेट’ आणि भारत संचार निगमसाठी ‘बीएसएनएलनेट’ असे आहे. ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावे आणि मोबाईल एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या नावाने २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागलेली योजना ज्या ग्रामपंचायतींपर्यंत पोचली आहे, तेथे कार्यालयातील वाय-फायचा उपयोग होतो. मात्र केबल कोठे तुटलेली असली तरी वाय-फायचे चिन्ह दिसतच राहते, आणि काही संच त्यालाच चिकटून बसतात. अशा वेळी वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर पाहावे.

टपाल कोठे राहते?

आता टपालपेटीकडे वळू. ई-टपाल पाठविण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ मध्ये लेखी नियमबद्ध झाली. आलेले टपाल वाचण्यासाठी पुढे दोन पद्धती निघाल्या : १९८४ ची पॉप, आणि १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी रचलेली आयमॅप. खाते जोडताना मोबाईल या दोहोंपैकी एकीची निवड करावयास सांगतो, तेव्हा पुष्कळजण जी वर दिसेल ती निवडतात. येथे थोडे थांबावे.

पॉप ही पोस्टात जाऊन आपली पत्रे घरी आणण्यासारखी आहे. पत्रे संचात उतरतात आणि प्रत ठेवण्याची सूचना नसेल तर मध्यवर्ती संगणकावरून काढूनही टाकली जातात. दूरध्वनीच्या तारेवरून तेवढ्यापुरती जोडणी करावयाची आणि जागाही अपुरी, अशा काळात ही पद्धत सोयीची होती. आज एखाद्या सचिवाच्या खासगी मोबाईलवर पंचायतीचे खाते अशा रीतीने जोडले आणि त्याची बदली झाली, तर दोन-तीन वर्षांचा पत्रव्यवहार त्याच्या खिशातून दुसऱ्या गावी जातो. लेखापरीक्षणाच्या वेळी अथवा माहितीच्या अधिकाराखाली अर्ज आल्यावर मग शोधाशोध सुरू होते.

आयमॅपमध्ये पत्रे मध्यवर्ती संगणकावरच राहतात, मोबाईल ती केवळ दाखवितो. कार्यालयातील संगणक आणि सरपंचांचा मोबाईल या दोहोंवर एकच टपाल दिसते. कार्यालयीन खात्यासाठी हीच पद्धत घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र येथे मोबाईलवरून पत्र काढून टाकले तर ते सर्वच ठिकाणांहून जाते. संचात जागा करावयाची म्हणून कोणी जुनी पत्रे पुसू लागला, तर त्याला वेळीच आवरले पाहिजे.

माहिती हाताने भरावी लागल्यास आयमॅपसाठी ९९३ आणि टपाल पाठविण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे क्रमांक सर्वसाधारणपणे चालतात. या जोडणीत मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो सांकेतिक स्वरूपात जातो. मोबाईलने सुरक्षा-प्रमाणपत्राविषयी इशारा दिला तर ‘पुढे जा’ म्हणण्यापूर्वी संचातील तारीख पाहावी. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही जुन्या संचांची तारीख मागे जाते आणि खरे प्रमाणपत्रही खोटे ठरते. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल तर मात्र पासवर्ड देऊ नये. शासकीय खात्यांसाठी संबंधित तांत्रिक कक्षाची सूचनाच प्रमाण मानावी.

डोंगराळ भागात, जेथे जाळे येते-जाते, तेथे ई-टपालाचा एक गुण उपयोगी पडतो. पाठविलेले पत्र जोडणी नसल्यास ‘आउटबॉक्स’मध्ये थांबते आणि जाळे मिळताच निघते. अडचण होते ती छायाचित्रांची. जोडलेल्या कागदाचा आकार पाठविताना सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ठरावाच्या एका पानासाठी मोठे रंगीत छायाचित्र पाठविण्यापेक्षा ते आधी लहान करून घेतलेले बरे.

प्रभार देताना

खाते खासगी व्यक्तीच्या नव्हे, कार्यालयाच्या नावे असावे, हे सर्वांना मान्य असते. तरीही पासवर्ड विसरल्यास ज्या क्रमांकावर ओटीपी येतो, तो क्रमांक बहुधा खाते उघडणाऱ्याचा खासगी असतो. खात्याची खरी किल्ली तीच होय. शाळेच्या खात्याचीही हीच गोष्ट आहे. मुख्याध्यापक निवृत्त होतात आणि ओटीपी त्यांच्या घरी जात राहतो. प्रभार हस्तांतरणाच्या यादीत शिक्के, चेकबुक आणि कपाटाच्या किल्ल्या यांच्याबरोबर ई-टपालाचे खाते, त्याशी जोडलेला क्रमांक आणि तो बदलल्याचा दिनांक यांचीही नोंद घ्यावी. प्रभार घेणाऱ्याने त्याच बैठकीत पासवर्ड बदलावा आणि खात्यात प्रवेश असलेल्या संचांची यादी उघडून जुने संच वगळावेत.

मोबाईल हरवल्यास हीच यादी दुसऱ्या संचावरून उघडून हरवलेला संच प्रथम काढावा, मग कंपनीला कळवून सिम बंद करून घ्यावे, कारण ओटीपी त्याच सिमवर येत असतो. पोलिसांत तक्रार दिल्यावर तिची प्रत जोडून, दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’वर संचही बंद करण्याची विनंती नोंदविता येते. त्यासाठी संचाचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक लागतो. तो *#०६# हे बटण-अंक दाबल्यास पडद्यावर दिसतो. संच हाती आहे तोवर तो जडवस्तू नोंदवहीत उतरवून ठेवावा.