विनोदकार पात्र आणि न येणारे हसू : 'फुल हाऊस'मधील जोई ग्लॅडस्टनच्या निमित्ताने

एखादे पात्र थोर कवी आहे असे कादंबरीकाराने सांगितले, की त्याची कविता वाचकापुढे ठेवावी की नाही, असा पेच उभा राहतो. ठेवली तर ती थोर निघावी लागते. न ठेवली तर निवेदकाच्या शब्दावर विसंबावे लागते. पात्र विनोदकार असेल तर हा पेच अधिकच बिकट होतो. कविता रुचली नाही तरी वाचक आदराने मौन पाळू शकतो. विनोदाला हसू आले नाही, तर ते लपत नाही.

या पेचाचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील 'फुल हाऊस' या कौटुंबिक विनोदी मालिकेत सापडते. ए.बी.सी. वाहिनीवर १९८७ ते १९९५ या काळात तिचे आठ हंगाम प्रसारित झाले. सॅन फ्रान्सिस्कोतील डॅनी टॅनर हा विधुर, त्याचा मेव्हणा जेसी आणि मित्र जोई ग्लॅडस्टन असे तिघे मिळून डॅनीच्या तीन मुलींना वाढवतात. डेव्ह कूलिए या नटाने साकारलेला जोई हा व्यवसायाने विनोदकार. पॉपाय, बुलविंकल अशा व्यंगपटांतील पात्रांचे आवाज काढणे, बाहुल्याला बोलते करणे आणि 'कट् इट आऊट' हे शब्द हाताच्या ठरावीक खुणांसह उच्चारणे ही त्याची भांडवली सामग्री. ती आठ हंगाम पुरवून वापरली गेली. पुढे प्रेक्षकांनी त्याची जी यथेच्छ टिंगल केली, तिचे मूळ या काटकसरीत आहे.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार मानले आहेत : स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे. जोईच्या ठिकाणी यांतील पहिला विपुल आहे, दुसरा दुर्मीळ. विकृत वेष, असत्प्रलाप इत्यादी जे विभाव नाट्यशास्त्रात सांगितले आहेत ते सारे त्याच्यापाशी हजर असतात (व्यंगचित्रे छापलेल्या कपड्यांसह). रसनिष्पत्ती मात्र होत नाही. विभावांची यादी म्हणजे रस नव्हे, हे वर्गात शिकवताना याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

अर्थात, विनोद फसणे हा स्वतःच विनोदाचा विषय होऊ शकतो. २००४ साली सुरू झालेल्या 'साराभाई व्हर्सेस साराभाई' या हिंदी मालिकेतील रोसेश पाहावा. त्याच्या कविता भयंकर असतात. परंतु त्याचा बाप इंद्रवदन त्या ऐकून जे बोलतो, त्यात प्रेक्षकाचाच अभिप्राय उमटतो. आई माया त्याच कवितांवर लुब्ध असते. म्हणजे मूल्यमापनाची आणि आंधळ्या कौतुकाची, अशा दोन्ही जागा संहितेनेच भरलेल्या आहेत. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव याहून पुढचा. तो आपली फजिती गंभीर चेहऱ्याने सांगतो. आपण हास्यास्पद ठरत आहोत हे त्याला उमगलेले नसते आणि वाचक नेमका त्या अंतरात हसतो. दोन्हीकडे हसवण्याचे काम पात्रावर टाकलेले नाही, ते लेखकाने स्वतःकडे ठेवले आहे.

जोईच्या बाबतीत ते पात्रावर टाकले गेले. जेसी अधूनमधून टोमणे मारतो खरा. पण विनोद संपताच ध्वनिपट्टीवर हशा उसळतो आणि विनोद यशस्वी झाल्याचा दाखला देऊन टाकतो. मुद्रित हशा पेरण्याचे यंत्र चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात रूढ केले. हशा स्टुडिओतील प्रेक्षकांचा असो वा यंत्रातला, संहितेतील त्याचे कार्य एकच : निवेदकाच्या अनुपस्थितीत निवेदकाचा शेरा मारणे. घरबसल्या प्रेक्षकाला हा शेरा पटत नाही. आपल्याला हसू आले नाही आणि कोणीतरी मात्र खदखदून हसते आहे, या विसंगतीतून उपहास जन्मतो. त्याचे खरे लक्ष्य तो हशा असतो. वार मात्र समोर दिसणाऱ्या जोईवर पडतो.

आणि तो काहीसा अन्यायाने पडतो, असे माझे मत आहे. बर्गसाँने हास्याला यांत्रिकपणाबद्दल समाजाने दिलेली शिक्षा मानले. जोईचा यांत्रिकपणा निर्विवाद आहे. शिक्षेइतका अपराध त्यात आहे का, हा प्रश्न उरतो. आई गमावलेल्या तीन मुलींच्या घरात तो आवाज काढतो. तिथे विनोदाची प्रत गौण असते. घरात आजारपण असताना पाहुण्याने सांगितलेल्या शिळ्या चुटक्याला आपणही हसतोच. ती दाद चुटक्याला नसते. जोईचे बहुतेक विनोद या जातीचे आहेत. घरापुरते ते सार्थ आहेत, आणि मालिका त्यांना व्यावसायिक कला म्हणून सादर करते तिथे बिनसते.

लेखकांनाही हे कुठेतरी जाणवले असावे. पुढील हंगामांत जोईला 'रेंजर जो' या नावाने मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमाचा सूत्रधार केले गेले. त्याच टोप्या, तेच आवाज, तोच बाहुला. समोर मात्र आता मुले बसलेली. या भागांत त्याची टिंगल करावीशी वाटत नाही.