कूपनं किती छापलीस?

चि. अनिकेत यास,


परवा कुमुदच्या नातवाच्या बारशाला तुमच्या कंपनीचा चहा पोचवणारा टेम्पोवाला भेटला. म्हणाला, दिवाळीला प्रत्येक पुड्यात नंबराचं कूपन आहे, बंपरला मोटारसायकल, आणि सगळी कल्पना तुमच्या पुतण्याची. ऐकून बरं वाटलं. पण पुढे म्हणाला, पुडे गोडाऊनमधून निघालेसुद्धा, विजेते नंबर मात्र अजून ठरायचेत. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कूपनं किती छापलीस? एकेक नंबर किती कूपनांवर आहे?

म्हणशील, काका रिटायर झाले तरी छापखाना डोक्यातून जात नाही. पावतीपुस्तकं छापताना नंबरिंग मशीनमध्ये शाई सुकली की एखादं चाक अडकतं. मशीनचा आवाज तोच, कागद तसाच पुढे सरकतो, आणि पानामागून पान एकच आकडा उमटत जातो. म्हणून आमचा फोरमन मधूनमधून एक पान उचलून नंबर मोठ्यानं वाचायचा. नुसती नजर टाकून पुढे जायचा नाही.

फिलिपीन्समधलं पेप्सीचं प्रकरण तुला कॉलेजात शिकवलं असेलच. शिकवलं असेल तर विसरलास कसा? बाटलीच्या बुचाच्या आत तीन आकडी नंबर, रोज रात्री टीव्हीवर विजेता नंबर. लोकांनी योजना डोक्यावर घेतली म्हणून मुदत वाढवली, आणि २५ मे १९९२ ला जाहीर झाला ३४९. दहा लाख पेसोंची बुचं दोनच असायची होती. ३४९ छापलेली बुचं बाजारात होती आठ लाखांच्या घरात! बिनबक्षिसाचा म्हणून तो नंबर आधीच भरमसाट छापून गेला होता. कंपनी म्हणाली, या बुचांवर सुरक्षेचा कोड बरोबर नाही. ज्यानं घरात आनंदानं उड्या मारल्या त्याला कोड कशाशी खातात ते काय ठाऊक? मग माणशी पाचशे पेसो देऊ केले. पावणेपाच लाखांहून जास्त लोकांनी ते घेतले, बाकीचे रस्त्यावर उतरले. कंपनीचे ट्रक जाळले, बॉम्ब फेकले, माणसं मेली. त्यात एक शिक्षिका होती आणि एक पाच वर्षांची पोर. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. त्या पोरीच्या घरी त्याचं काय?

त्याच १९९२ साली ब्रिटनमध्ये हूव्हर कंपनीनं शंभर पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन परतीची तिकिटं देऊ केली. फॉर्म भरून लोक कंटाळतील, असा त्यांचा हिशेब. लोक कंटाळले नाहीत. पाच कोटी पौंडांच्या आसपास फटका बसला. एका चिडलेल्या ग्राहकानं तर घरी मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाची गाडीच अडवून ठेवली. तिकिटांची कल्पना त्या दुरुस्तीवाल्याची होती का? लोकांच्या तावडीत सापडतो तो टेम्पोवाला, नाहीतर काउंटरवरचा माणूस. तुझ्या केबिनपर्यंत कोण येणार आहे?

आपल्या मिरजेच्या दुकानातलं तेलाच्या डब्याचं प्रकरण तुझ्या बाबांनी तुला सांगितलं असेल. डब्यावर स्टीलची वाटी फुकट. डबे आले, वाट्या आल्याच नाहीत, आणि कंपनीचा माणूस फोनवर यायचा बंद झाला. ऐन दिवाळीत बायका दुकान सांभाळणाऱ्या दादांना तोंडावर चोर म्हणून गेल्या. दादांनी पदरच्या पैशांनी वाट्या आणल्या, एकेकीच्या घरी पोचवल्या. मला पत्र आलं होतं, चार दिवस ये, गर्दी आवरत नाही. मी मुंबईत, कॅलेंडरांचा हंगाम, ओव्हरटाइम दुप्पट. गेलो नाही. पुढे दादांनी कधी विषयसुद्धा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तर कूपनांकडे येतो. जे पुडे निघालेत त्यांवर कुठले नंबर, किती, याची यादी प्रेसकडून लेखी घे. ती हातात पडेपर्यंत एकही नंबर जाहीर करू नकोस. आणि वकिलाला दाखव. कारण योजना संपल्यावर निकाल ग्राहकांपासून दडवणं हेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. साहेब म्हणाले योजना पुढे ढकलता येणार नाही, तर सांग, काका छापखान्यातले आहेत, त्यांना विचारतो. हसतील, हसू देत.

फार लिहिलं. रागावलो असं वाटून घेऊ नकोस. लहानपणी पतंग उडवण्याआधी चारदा मांजा तपासणारा तू, तुला घाई कुणीतरी लावलेली असणार. काकू म्हणते, आवाज बसल्यासारखा वाटतो त्याचा, झोपतो का वेळेवर? अनारशांचं पीठ तिनं तुझ्यासाठी जास्तच भिजवलंय. योजना चालो न चालो, लक्ष्मीपूजनाला इकडे ये. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
आप्पाकाका

ता. क. : कूपनांचं प्रूफ मला पाठव. मोतीबिंदू काढल्यापासून आकडे स्वच्छ दिसतात. कुरिअरचा खर्च माझा.