हायब्रिड मोटारीचा कर आणि ज्यूलचा हिशेब

संध्याकाळी खारदांड्याहून खार स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहा. गर्दीतून एखादी मोटार आवाज न करता पुढे सरकते. ती विजेवर चालते म्हणावे, तर तिची नंबरप्लेट हिरवी नाही, पांढरी आहे! ही हायब्रिड मोटार. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असते, तशीच बॅटरी व विजेची मोटरही असते.

अंधेरीच्या आरटीओत तिची नोंदणी करताना दोन रकमा भराव्या लागतात. केंद्राच्या नियमानुसार नोंदणी शुल्क ६०० रुपये. आणि राज्याचा मोटार वाहन कर. १० ते २० लाखांच्या खासगी पेट्रोल मोटारीला हा कर किमतीच्या १२ टक्के पडतो. केवळ बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींना महाराष्ट्राने २०२१ च्या धोरणात करमाफी दिली. हायब्रिडला मात्र पेट्रोलचाच दर. असे का?

नेहमीच्या हायब्रिडला बाहेरून वीज भरता येत नाही. तिची सारी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. मग पेट्रोल वाचते कसे?

१,२०० किलोग्रॅमची मोटार ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा ½ × १,२०० × १०² = ६०,००० ज्यूल. साधा ब्रेक लावला की या ऊर्जेची उष्णता होऊन ती वाया जाते. हायब्रिडमध्ये त्या वेळी मोटरच जनित्र बनते आणि बॅटरी भरते. समजा, निम्मी ऊर्जा, म्हणजे ३०,००० ज्यूल परत मिळाली. एक लिटर पेट्रोलमधून चाकांपर्यंत सुमारे ८० लाख ज्यूल पोहोचतात असे धरू. म्हणजे सुमारे २६७ वेळा थांबल्यावर एक लिटर पेट्रोल वाचते.

आता गंमत पाहा. साधी मोटार १४ लाखांची व हायब्रिड १७ लाखांची असेल, तर कर अनुक्रमे १,६८,००० व २,०४,००० रुपये होतो. पेट्रोल कमी जाळणारीच ३६,००० रुपये जास्त भरते! कारण कर किमतीवर आहे, जळणाऱ्या पेट्रोलवर नाही. लिटरला १०० रुपये धरले, तर हे ३६० लिटर झाले. ब्रेकच्या बचतीतून ते भरून यायला ९६,००० वेळा थांबावे लागेल. रोज ४० वेळा थांबले, तरी साडेसहा वर्षे! सिग्नलला इंजिन बंद राहते, ती बचत वेगळी.

उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये अशा मोटारींचा नोंदणी कर माफ केला. कोणाचे बरोबर? ठरवण्यापूर्वी एक गणित करा: वेग ताशी १८ किलोमीटर असेल, तर दर थांब्याला किती ज्यूल परत मिळतील? निम्मे नव्हे!