‘आओशिओ’ आणि ‘मतलई’ : संज्ञा परिणामाची की कारणाची?

जपानीत ‘आओ’ म्हणजे निळा, ‘शिओ’ म्हणजे समुद्राचे पाणी. टोकियोच्या उपसागरात उन्हाळ्यात तळच्या पाण्यातील प्राणवायू संपतो. ईशान्येचा वारा वरचे पाणी मुखाकडे लोटतो, तेव्हा चिबाच्या किनाऱ्याशी हे तळपाणी वर येते. त्यातील सल्फाइडपासून गंधकाचे सूक्ष्म कण बनून पाणी दुधाळ निळे दिसते, शिंपले गुदमरतात. ‘आओशिओ’ ही संज्ञा परिणामाची आहे. निळाई दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पूर्वसूचनेसाठी तळचा प्राणवायू आणि वाऱ्याची दिशा व टिकाव पाहावा लागतो. जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला आपल्याकडे ‘मतलई’ म्हणतात. पण तो रात्रीपुरता. दिवसरात्र टिकणाऱ्या अशा वाऱ्यासाठी ‘दीर्घ मतलई’ ही संज्ञा मला सुचवावीशी वाटते. इशाऱ्याच्या भाषेत कारणाचे नाव आधी यावे.